आमचा वॉर्ड महिला झाला

11 नोव्हेंबर 2025 च्या दुपारी आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर एका ओळीचा मेसेज आला. ‘आपला वॉर्ड महिला झाला.’ खाली दोन-चार अंगठे, जोडलेले हात आणि चौथ्या मजल्यावरच्या काकांचा रडका चेहरा. मुलीनं माझ्या खांद्यावरून वाचलं आणि विचारलं, “वॉर्ड महिला कसा काय होतो?”

व्याकरणाचा प्रश्न म्हणून हसून सोडून देता आला असता. पण उत्तर द्यायला बसले आणि बोलता बोलता पार क्रॉफर्ड मार्केटपर्यंत मागे गेले. तेच इथे लिहून काढते आहे.

त्या दिवशी वांद्र्याच्या बालगंधर्व रंगमंदिरात मुंबई महापालिकेच्या आरक्षणाची सोडत निघाली. सोडत म्हणजे चिठ्ठ्या टाकून काढलेला निकाल. निवडणुकीसाठी मुंबईचे 227 भाग पाडलेले आहेत. सरकारी कागदावर ते प्रभाग, आपल्या तोंडी वॉर्ड. (वॉर्ड ऑफिसातला वॉर्ड वेगळा बरं का. ए, बी, सी करत जाणारे ते प्रशासकीय विभाग, आणि एकेका विभागाच्या पोटात असे कितीतरी प्रभाग असतात. या गोंधळात मी स्वतः दोनदा चुकीच्या खिडकीवर उभी राहिलेय.) 2011 पासून राज्यातल्या स्थानिक संस्थांत निम्म्या जागा बायकांना आहेत. 227 चे निम्मे साडेएकशे तेरा. अर्धी बाई निवडून आणता येत नाही, म्हणून 114.

या 114 चीही आत पुन्हा वाटणी आहे. अनुसूचित जातींच्या 15 जागा, त्यात 8 बायकांच्या. जमातींच्या 2, त्यात 1. मागासवर्गाच्या 61, त्यात 31. उरलेल्या 149 सर्वसाधारण, त्यात 74. जाती-जमातींच्या राखीव जागा लोकसंख्या पाहून ठरवता येतात, कारण त्यांचं प्रमाण कुठे जास्त, कुठे कमी असतं. बायकांच्या बाबतीत ही युक्ती चालत नाही. थोड्याफार फरकानं त्या सगळ्याच प्रभागांत निम्म्याच्या आसपास असणार, मग अमुक प्रभाग बायकांचा आणि तमुक नाही, हे कशावरून ठरवायचं? म्हणून चिठ्ठी. चिठ्ठी निघाली की प्रभाग ‘महिला होतो’ आणि तिथे उभं राहायचं तर फक्त बाईनं. पुढच्या निवडणुकीला हे चक्र फिरतं आणि तोच प्रभाग पुन्हा ‘खुला’ होऊ शकतो.

आमच्याकडचे एक गृहस्थ दहा वर्षं तयारी करत होते. गणपतीचा मंडप, दहावीच्या मुलांचा सत्कार, चष्मे वाटप, सगळं रीतसर. सोडतीच्या संध्याकाळी त्यांचा पत्ता कट झाला आणि आठवड्याच्या आत कोपऱ्यावरचा बॅनर बदलला. फोटोत आता त्यांच्या सौभाग्यवती हात जोडून उभ्या होत्या, आणि त्यांच्या मागे दुप्पट आकाराचे ते.

मुलीचा पुढचा प्रश्न जास्त टोकदार होता. “पण नगरसेविका झाली तर तिच्या हातात असतं काय?”

इथे जरा मागे जावं लागतं. 1865 मध्ये मुंबईचा कारभार एका म्युनिसिपल कमिशनरच्या हाती आला. आर्थर क्रॉफर्ड. माणूस कामाचा, पण हात सढळ. क्रॉफर्ड मार्केटची मंडई उभी राहिली, रस्ते झाले, गटारं झाली आणि तिजोरीत खडखडाट झाला. घरपट्टी भरणारे चिडले. पैसा आमचा, खर्च करणार तुम्ही, आणि विचारायचं कुणी नाही? त्या भांडणातून 1872 चा कायदा आला आणि 64 सदस्यांची महापालिका तयार झाली. त्यातले निम्मे, म्हणजे 32, करदात्यांनी निवडायचे. तेव्हा मुंबईची वस्ती होती 6 लाख 44 हजार. त्यातले करदाते मूठभर. चाळीत भाड्यानं राहणारा गिरणी कामगार त्यांच्यात नव्हता, मग त्याची बायको कुठून असणार?

या वादात तरुण बॅरिस्टर फिरोजशहा मेहतांनी घेतलेली भूमिका मला फार रंजक वाटते. कमिशनरचे अधिकार काढून घ्या, असं ते म्हणत नव्हते. काम एकाच जबाबदार माणसाच्या हाती राहू द्या, पण त्याच्या मानगुटीवर लोकांनी निवडलेली सभा बसवा, असं त्यांचं म्हणणं होतं. 1888 चा महापालिका कायदा याच चौकटीवर बेतला गेला. त्यात दुरुस्त्या असंख्य झाल्या, पण मुंबई आजही त्याच कायद्यावर चालते.

त्यामुळे इथली सत्ता तीन ठिकाणी वाटलेली आहे. आयुक्त राज्य सरकार नेमतं, तो सनदी अधिकारी. रस्ता खणायचा, नळजोडणी द्यायची, अतिक्रमण हटवायचं, हुकूम त्याचा. दुसरी सभा, म्हणजे 227 नगरसेवक. त्या सभेचा अध्यक्ष महापौर. गाडी, बंगला, मान मोठा, पण सही करून काम सुरू करून देण्याचा अधिकार जवळपास नाही. तिसरी स्थायी समिती, सत्तावीस जणांची. अर्थसंकल्प आधी तिच्यापुढे जातो आणि मोठी कंत्राटंही तिच्याच मंजुरीनं सुटतात. तिजोरीच्या चाव्या म्हणतात त्या इथे. 2025-26 चा पालिकेचा अर्थसंकल्प 74 हजार 427 कोटींचा होता, यावरून चाव्यांचं वजन ओळखा. निवडणूक झाली की महापौर कोण याची चर्चा टीव्हीवर होते. स्थायी समिती कुणाकडे, हे मात्र पक्षांच्या बैठकीत दार लावून ठरतं.

मग नगरसेविकेच्या हातात काय? सभेत प्रश्न विचारता येतो. समितीत वर्णी लागली तर फाईल अडवता किंवा पुढे ढकलता येते. थोडा निधी असतो. आणि सगळ्यात मोठं हत्यार म्हणजे फोन. तिचा फोन गेला की पाणी खात्याचा इंजिनियर उचलतो, आपला उचलत नाही. कायद्याच्या कुठल्याच कलमात हे लिहिलेलं नाही, पण मुंबईतल्या माणसाला सत्ता दिसते ती याच रूपात. नळाला पाणी सकाळी किती वाजता येतं हे पाण्याचा व्हॉल्व्ह उघडणारा चावीवाला ठरवतो, चावीवाल्याचं वेळापत्रक इंजिनियर ठरवतो, आणि इंजिनियरला घाम फोडू शकणारं माणूस आपल्या ओळखीचं असावं लागतं.

आता बायका. आरक्षणाच्या आधी त्या नव्हत्याच असं समजायचं कारण नाही. 1923 च्या सुमारास सरोजिनी नायडू आणि अवंतिकाबाई गोखले मुंबईच्या महापालिकेत होत्या. अवंतिकाबाई गांधींबरोबर चंपारणला जाऊन आलेल्या, गिरगावात हिंद महिला समाज उभा केलेल्या. 1948 मध्ये प्रत्येक प्रौढाला पालिकेचं मत मिळालं, घरपट्टी भरणारा असो की फुटपाथवर झोपणारा. 1956 मध्ये सुलोचना मोदी पहिल्या महिला महापौर झाल्या. दुसऱ्या, निर्मला सामंत-प्रभावळकर, यायला 1994 उजाडावं लागलं. मधल्या अडतीस वर्षांत बहुतेक काळ दरवर्षी नवा महापौर होत असे, म्हणजे रांगेनं पुरुष आले आणि गेले. कुणाला त्यात काही खटकलं असेल असं वाटत नाही.

पण खरी गोष्ट महापौरांची नाही, 1961 ची आहे. त्या वर्षी मृणाल गोरे आणि अहिल्या रांगणेकर पालिकेत निवडून आल्या. एक समाजवादी, एक कम्युनिस्ट. आरक्षण नाही, बॅनर नाही. 1957 मध्ये मुंबईची हद्द दहिसरपर्यंत वाढली होती. गोरेगावसारखी गावं रातोरात शहर झाली, पण नळ काही रातोरात आले नाहीत. मृणालताईंनी पाण्यासाठी बायकांना घेऊन मोर्चे काढले आणि त्यांचं नावच ‘पाणीवाली बाई’ पडलं. आज गोरेगावात त्यांच्या नावाचा उड्डाणपूल आहे. त्यावरून रोज जाणाऱ्या कितीजणांना हे नाव आठवतं, देव जाणे.

माझ्या सासूबाई तेव्हा गोरेगावात होत्या. 1972 च्या दुष्काळाच्या सुमाराला महागाईविरुद्ध बायकांची संयुक्त समिती झाली आणि मृणालताई, अहिल्याताई यांच्या मागे मुंबईभरच्या बायका थाळ्या आणि लाटणी घेऊन रस्त्यावर आल्या. सासूबाईही गेल्या होत्या. त्यांना भाषणातलं काही आठवत नाही. “थाळी मी चांगली पितळी नेली होती,” त्या सांगतात, “परत आणली तर मधोमध पोचा. तुझे सासरे म्हणाले, सरकारला काही झालं नाही, आपल्या थाळीला झालं.” ती थाळी अजून आमच्या माळ्यावर आहे.

हे मी एवढ्यासाठी सांगते की त्या बायकांची सत्ता खुर्चीतून आलेली नव्हती. खुर्ची नंतर आली. 1977 मध्ये मृणालताई लोकसभेवर गेल्या आणि इंदिरा गांधी पडल्या, तेव्हा घोषणा गाजली होती, ‘पाणीवाली बाई दिल्लीत, दिल्लीवाली बाई पाण्यात’. पण चळवळीत घडलेल्या अशा बायका मोजक्या. दोघी-तिघींच्या पराक्रमावर दोनशेच्या सभेतलं चित्र बदलत नाही. पक्ष तिकीट वाटायला बसले की ‘निवडून येण्याची क्षमता’ नावाची एक मोजपट्टी बाहेर काढत, आणि ती पट्टी बरोबर पुरुषाच्या उंचीची असे.

1990 मध्ये महाराष्ट्रानं स्थानिक संस्थांत बायकांना तीस टक्के जागा ठेवल्या. देशाच्या आधी, हे आपण अभिमानानं सांगू शकतो. मग 74 वी घटनादुरुस्ती आली, 1 जून 1993 पासून लागू झाली आणि देशभरातल्या शहरांत किमान एक तृतीयांश जागा राखीव झाल्या. 2011 मध्ये राज्यानं प्रमाण निम्म्यावर नेलं. आरक्षणाचा परिणाम महापौरांच्या यादीतही दिसतो, तिथेही हे चक्र फिरतं. 2007 ते 2022 या पंधरा वर्षांत सहा महापौर झाले, त्यात शुभा राऊळ, श्रद्धा जाधव, स्नेहल आंबेकर, किशोरी पेडणेकर अशा चार बायका.

आणि इथेच मघाचे बॅनरमागचे गृहस्थ येतात. ‘मॅडमचे मिस्टर’ हा मुंबईच्या राजकारणातला बिनपगारी हुद्दा आहे. आम्ही पूर्वी राहायचो तिथल्या नगरसेविकेच्या नंबरवर फोन केला की पुरुषाचा आवाज यायचा, “बोला, मीच बघतो.” मॅडम सत्काराला आणि हळदीकुंकवाला भेटायच्या. समित्यांतही हाच प्रकार. बाई आली की तिला महिला व बालकल्याण समितीवर घालायचं. तिथे शिलाई मशीन आणि घरघंटी वाटण्याच्या योजना असतात, कुणाच्या पोटावर पाय येत नाही. चाव्यांच्या खोलीत, म्हणजे स्थायी समितीत, मात्र गर्दी पुरुषांची.

म्हणून लोक म्हणतात, काय उपयोग? नवऱ्याच्या जागी बायकोला बसवलं, झालं आरक्षण. मला या वाक्याचा राग येतो, आणि तो नुसताच बाई म्हणून नाही. बापाच्या जागी मुलगा बसतो तेव्हा त्याला आपण ‘वडिलांचा नगरसेवक’ म्हणत नाही, ‘घराण्याचा वारसा’ म्हणतो. घरातून राजकारणात शिरायची वाट पुरुषांनीच मळवलेली आहे. पण राग हा काही पुरावा नव्हे. पुरावा हवा असेल तर पुन्हा त्या चिठ्ठीकडे यावं लागतं.

औषधाची परीक्षा कशी घेतात ते आठवा. एकसारख्या रोग्यांचे दोन गट करायचे, आणि कोण कुठल्या गटात हे चिठ्ठीनं ठरवायचं. एकाला औषध, दुसऱ्याला नाही. मग जो फरक पडेल तो औषधाचाच, कारण बाकी सगळं सारखं होतं. आरक्षणाची सोडत नकळत नेमकं हेच करते. चिठ्ठी कुणाचं तोंड बघून निघत नाही. सुशिक्षित प्रभाग, झोपडपट्टीचा प्रभाग, बायकांना मानणारा, न मानणारा, कुठलाही ‘महिला’ होऊ शकतो.

रिखिल भवनानी नावाच्या राज्यशास्त्राच्या अभ्यासकाच्या हे लक्षात आलं आणि त्यांनी थेट आपल्या मुंबईच्या पालिका निवडणुका तपासायला घेतल्या. त्यांचा शोधनिबंध 2009 मध्ये प्रसिद्ध झाला. प्रश्न सरळ होता. 1997 ला जो प्रभाग महिला होता आणि 2002 ला खुला झाला, तिथे आरक्षण उठल्यावर बाई निवडून येते का? तुलना कुणाशी? ज्या प्रभागांत दोन्ही वेळा आरक्षण नव्हतं त्यांच्याशी. उत्तर आलं की आधी राखीव असलेल्या प्रभागातून बाई निवडून येण्याची शक्यता जवळपास पाचपट होती.

पाचपट ऐकून लगेच फेटा उडवू नका. जिथे दोन्ही वेळा आरक्षण नव्हतं, तिथे बाई निवडून येण्याचं प्रमाण इतकं किरकोळ होतं की त्याची पाचपट करूनही मोठी बाजू पुरुषांचीच राहते. पण दिशा स्पष्ट आहे. असं का होतं, याची उत्तरं साधी आहेत. एकदा पाच वर्षं काम केलेली बाई पुन्हा उभी राहते, तिला आता कार्यकर्ते ओळखतात, वॉर्ड ऑफिसातली खिडकी माहीत असते. आणि पक्षाच्याही ध्यानात येतं की अरे, बाई उभी केली तरी जागा येते. ‘मीच बघतो’ म्हणणाऱ्या मिस्टरांच्या घरातसुद्धा पाच वर्षांत काही ना काही होत असावं. सह्या तर मॅडमच करतात, आणि सही करायची म्हणजे कधीतरी वाचायचीही वेळ येते.

आता याच चक्राची दुसरी बाजू. पाच वर्षं घालून बाई तयार होते, आणि चक्र फिरून प्रभाग खुला होतो. खुला म्हणजे बाईला बंदी नाही, तिनं जरूर उभं राहावं. पण खुल्या प्रभागात पक्ष पहिलं तिकीट पुरुषाला देतो, आणि ती मागायला गेली तर ऐकवतो, “तुमच्यासाठी राखीव आहेत की तिकडे.” म्हणजे राखीव हा किमान आकडा होता, तो व्यवहारात कमाल होऊन बसतो. दोन-तीन निवडणुका तरी आरक्षण एकाच प्रभागात टिकवावं, असं माझं मत. पण मग त्या प्रभागातल्या पुरुष कार्यकर्त्यांनी पंधरा वर्षं काय करायचं, हा प्रश्नही खोटा नाही.

आणि सभाच नसेल तर? मागच्या सभेची मुदत 7 मार्च 2022 ला संपली. नवीन निवडणूक वेळेत झाली नाही. मागासवर्गीय आरक्षणाचा खटला, प्रभाग 227 की 236 याचा घोळ, त्यात वर्षं गेली. 8 मार्चपासून आयुक्त हेच प्रशासक झाले. तारीख पाहिलीत ना? निम्म्या बायका असलेली सभा घरी गेली ती नेमकी महिला दिनी. त्यानंतर जवळजवळ चार वर्षं एकच माणूस आयुक्त म्हणून प्रस्ताव मांडणार आणि प्रशासक म्हणून तोच तो मंजूर करणार, अशी व्यवस्था होती. खर्च करणाऱ्याच्या मानगुटीवर कुणीतरी हवं, हे 1872 चं भांडण, ते दीडशे वर्षांनी पुन्हा पहिल्या पायरीवर. शेवटी मे 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं निवडणुका घ्या म्हणून सांगितलं, नोव्हेंबरात सोडत निघाली आणि मतदान ठरलं 15 जानेवारी 2026, संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी.

लोकसभा आणि विधानसभेसाठीही एक तृतीयांश जागांची घटनादुरुस्ती 2023 मध्ये झाली आहे, पण ती जनगणना आणि मतदारसंघांच्या फेररचनेला बांधलेली आहे. मुंबईतल्या विधानसभेच्या 36 जागांत तोवर पक्षांची जुनी मोजपट्टीच चालणार.

प्रचाराच्या शेवटच्या आठवड्यात त्या आमच्या दारात आल्या, बॅनरवरच्या. हातात तिळगुळाची पुडी, मागे सात-आठ बायका, त्यांच्या मागे मिस्टर आणि मोबाईलवर शूटिंग करणारा पोरगा. सासूबाई खुर्चीत बसल्या होत्या. त्यांनी पुडी घेतली, उघडली, एक वडी तोंडात टाकली आणि विचारलं, “चावीवाला सकाळी किती वाजता येतो, ठाऊक आहे का तुला?”

मिस्टर पुढे सरकले. “आजी, पाण्याचं आपण पूर्ण नियोजन…”

“साडेचारला,” मॅडम म्हणाल्या. “पण तुमच्या विंगला सव्वापाचपर्यंत नुसती हवा येते. आमच्याकडेही तेच आहे.”

सासूबाईंनी त्यांच्याकडे एकदा नीट बघितलं. मग मला म्हणाल्या, “अगं, त्यांना आत बोलाव. चहा टाक.” मिस्टरही चपला काढायला लागले, तर म्हणाल्या, “तुम्ही बसा हो तिकडे जिन्यावर. आमचं जरा पाण्याचं बोलायचंय.”